बसतंय की!

ट्रेलर जोडायला घेतला की गंज आणि खड्डे यांच्यापेक्षा मला भीती वाटते ती बाजूला उभं राहून "बसतंय की!" म्हणणाऱ्या माणसाची. तो बहुतेक वेळा मीच असतो.

हिच म्हणजे ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवलेली लोखंडी जोडणी; तिच्या बॉलपासूनच सुरुवात करा. मापं अशी: १ ७/८ इंच, २ इंच, २ ५/१६ इंच, शिवाय ५० मिलिमीटर. शाळा सुटल्यावर ज्या अपूर्णांकांचा निरोप घेतला होता, ते इथे लोखंडाचे होऊन भेटतात. पहिल्या दोघांतला फरक जेमतेम ३ मिलिमीटर. त्यामुळे दोन इंची कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, धाकट्या बॉलवर अगदी प्रेमाने बसतो. लीव्हर पडतो, पिन जाते, 'खट्‌' असा खात्रीचा आवाजसुद्धा येतो. मग एखाद्या उंचवट्यावर बॉल अलगद बाहेर येतो. म्हणून कपलरवर कोरलेलं माप आणि बॉलच्या डोक्यावर कोरलेलं माप डोळ्यांनी वाचायचं. जोडून झाल्यावर पुढच्या जॅकने ट्रेलरचा दांडा वर उचलायचा. त्याबरोबर गाडीची शेपटीही उचलली गेली, तर कपलरने बॉल धरलाय. एकटा दांडाच वर आला, तर नुसताच टेकलाय.

वजनाच्या बाबतीत सगळ्यात दुबळ्या भागाचं ऐकावं लागतं. बॉल २,७०० किलोंच्या क्षमतेचा, बॉल धरणारा दांडा २,२०० किलोंचा आणि गाडीखालची हिच ९०० किलोंची असेल, तर ओढायचे ९०० किलोच. गाडीच्या पुस्तकात त्याहून कमी लिहिलं असेल, तर पुस्तकाचं खरं. या ९०० किलोंत ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हिशेब करताना माणूस सामानाचा किलो-किलो मोजतो आणि ट्रेलर जणू कागदाचा आहे असं समजतो.

उंचीचं गणित सोपं. ट्रेलर सपाट जमिनीवर समतल ठेवून कपलरची उंची मोजा. मग बॉलचा दांडा जिच्यात बसतो त्या हिचच्या चौकोनी नळीच्या आतल्या वरच्या कडेची. नळी ४८ सेंटिमीटरवर आणि बॉलच्या बैठकीची पातळी ४३ वर हवी असेल, तर ५ सेंटिमीटर खाली उतरणारा बॉलचा दांडा घ्या. अंदाजाने घेतला, तर ट्रेलर कायम आकाशाकडे नाक करून चालतो.

ट्रेलरच्या नाकाने बॉलवर किती भार द्यायचा, हा खरा कळीचा मुद्दा. साधारण नियम एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांचा, म्हणजे १,००० किलोंच्या ट्रेलरला १०० ते १५०. पण गाडीच्या पुस्तकातली मर्यादा त्याहून कमी असेल, तर तीच पाळायची. सामानाचा ६० टक्के भार चाकांच्या आसाच्या पुढे ठेवला की बहुधा जमतं. मागे लादलं, तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ते आनंदाने नसतं. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नका, स्टिअरिंगही झटकू नका. फक्त ॲक्सिलरेटर सोडा.

हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो, पण काट्याचा जीव न घेता. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर ठेवायचं. विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर ट्रेलरचा दांडा टेकवायचा. काट्यावरच्या आकड्यातून फळीचा भार वजा करून तीनने गुणा.

साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी झोळीत पडतो. वळण घेता येईल इतक्या सैल, जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड.

दिवे हे वेगळंच प्रकरण. चार तारांच्या नेहमीच्या जोडणीत पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. डावा इंडिकेटर दिला आणि सगळे दिवे मिळून मंद लुकलुकले, तर बल्ब बदलत बसू नका. पांढऱ्या तारेचा स्क्रू रंगावर नाहीतर गंजावर आवळलेला असणार. खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, वर ग्रीस फासा.

नव्या ट्रेलरचे टायर नवे असतील असं समजू नका. बाजूच्या पट्टीवर २३१९ अशा चार अंकांचा शिक्का असतो: २०१९ सालचा २३वा आठवडा. आधी तो वाचा, मग हवा भरा, तीही टायर गार असताना. चाकाचे नट समोरासमोर या क्रमाने, टॉर्कच्या पान्याने आवळायचे आणि पहिल्या ८० किलोमीटरच्या आत पुन्हा तपासायचे, कारण नवी चाकं बैठक घेताना नट सैल पडतात. त्याच थांब्यावर प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, तळहात न्या. कोमट असेल तर छान. एकच हब शेजाऱ्यापेक्षा फार तापलेला असेल, तर बेअरिंग अती आवळलंय, ग्रीस कमी आहे किंवा ब्रेक घासतोय.

रिव्हर्ससाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा; ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्या. बाजूला उभा राहून "येतंय की, येतंय की!" म्हणणाऱ्याला मात्र आधी आरशात दिसेल अशा जागी उभं करा.