अतिरिक्त कार्यभार सांभाळताना

सर्वप्रथम अभिनंदन! विद्यापीठाच्या समान संधी केंद्राचं समन्वयकपद तुमच्याकडे आलं आहे. ज्या बैठकीत हे ठरलं तिला तुम्ही गैरहजर होता, आणि या पदाला याहून मोठी पात्रता लागत नाही. एन.एस.एस., अँटी-रॅगिंग, मराठी भाषा पंधरवडा आणि परिसर सुशोभीकरण तुमच्याकडे होतंच. त्यात आता धडगाव, मेळघाट, भामरागड, जव्हार-मोखाड्याहून येणारी मुलंही आली. घाबरू नका. आदिवासी विद्यार्थ्यांना मदत करणं दिसतं तितकं अवघड नाही. ती मदत विद्यार्थ्यापर्यंत पोचली की मात्र कामं वाढतात. तेवढं टाळायचं.

आधी पाटी लावून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक नियमांनुसार असं केंद्र हवंच. पाटी हवी हे सगळ्यांना पटतं; खोलीचं कुलूप कोणी आणि कधी उघडायचं यावर पुढली काही वर्षं चर्चा चालू ठेवता येते. त्याच नियमांत आहे की भेदभावाच्या तक्रारी ऐकायला प्राध्यापक दर्जाचा अधिकारी नेमावा आणि निकाल ६० दिवसांत लावावा. अधिकारीही तुम्हीच व्हा. तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर ती योग्य हाती पडेल. दिवस मोजायचे ते आवक क्रमांकापासून, म्हणून आवक क्रमांक द्यायची घाई नको. मुलाला खुर्चीवर बसवा, चहा मागवा, "तू मला मुलासारखा" म्हणा आणि "लेखी कशाला देतोस, करिअरचं बघ" एवढं सांगून वाटेला लावा. वर्षअखेरीस 'प्राप्त तक्रारी: निरंक' असा देखणा अहवाल तयार होतो.

हा निरंक का जपायचा, तेही सांगतो. २००६-०७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये जाऊन पाहिलं, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींची मुलं वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटलेली सापडली. तिथेही कुणी लेखी दिलं नसतं तर समितीला एवढे जिने चढावे लागले नसते. मग मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने आयुष्य संपवलं. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असलेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्याच वर्षी तिची आई आणि २०१६ मध्ये असाच गेलेल्या हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाची आई अशा दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१२ च्या नियमांचं पुढे काय झालं म्हणून विचारू लागल्या. उद्या ती विचारणा फिरत फिरत तुमच्या टेबलावर आली, तर निरंक हाताशी असलेला बरा.

आता रोजचं काम. मुलगा कशासाठीही आला तरी पहिला प्रश्न एकच विचारा: "व्हॅलिडिटी आहे का?" म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. लायब्ररीचं कार्ड हरवलं म्हणून आला असला तरी. जातीचा दाखला प्रांत देतात. तो खरा आहे का, हे पडताळणी समिती पाहते. तसा कायदाच २००१ पासून लागू आहे. म्हणजे सरकारने सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद सरकारलाच पटेना, आणि या दोन सरकारांमधली समजूत घालत एस.टी.ने फिरतो तो मुलगा. ६ सप्टेंबर १९५० ला कुटुंब कुठे राहत होतं त्याचा पुरावा, आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. आजोबा शाळेत गेले नाहीत कारण गावात शाळाच नव्हती, हे कारण मुलगा प्रामाणिकपणे सांगतो. पण शाळा नव्हती याचा दाखला द्यायला त्या शाळेचे मुख्याध्यापक लागतात.

कागद कमी पडले की आप्तभाव चाचणी, म्हणजे जमातीच्या चालीरीती ठाऊक आहेत का याची तपासणी. कुलदैवत कोणतं, लग्न लावणारी धवलेरी काय म्हणते, माणूस गेला की काय करतात, नाच कोणता. मुलाचं निम्मं आयुष्य आश्रमशाळेत गेलेलं. तिथे सकाळी प्रार्थना, संध्याकाळी पाढे; धवलेरी काही अभ्यासक्रमात नव्हती. तो अडखळला, तर हा आदिवासी दिसत नाही. घडाघडा बोलला, तर पाठ करून आलाय. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदाला वजन जास्त. हा निकाल आदरपूर्वक फाइलला लावा.

तुम्ही म्हणाल, खोटे दाखले घेणारे असतात ना! असतात, आणि आदिवासी संघटनाच त्याबद्दल सर्वांत जास्त ओरडतात. तपासणी हवी यात वाद नाही. फक्त सरकारची माया कुणावर आहे ते बघून ठेवा. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खोट्या दाव्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. डिसेंबर २०१९ मध्ये राज्याने अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा, पदं काढली आणि त्यांना तिथे बसवलं. आदिवासींच्या अशा बळकावलेल्या १२,५०० जागांचा मुद्दा मोर्च्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतो तो यातलाच. ज्याचा दावा अवैध ठरला त्याला बायकामुलं आहेत म्हणून मानवतावादी दृष्टिकोन. ज्याचा दावा खरा आहे त्याच्या आजोबांकडे कागद नाही म्हणून प्रवेश टांगणीला. तुम्ही समन्वयक आहात, यात समन्वय शोधा.

पैशांच्या बाबतीत तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही, ते काम शिष्यवृत्तीचं पोर्टल करतं. मुलाने अर्ज भरला की तो कॉलेजच्या डेस्कवर थांबतो, मग विभागाच्या डेस्कवर थांबतो, मग 'सेंड बॅक' होतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. २०१० च्या सुधारणेत बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला वसतिगृहात राहत असल्यास महिन्याला ५७० रुपये, बाहेर राहत असल्यास ३०० रुपये ठरले. गंमत पाहा, बाहेर राहणाऱ्याचा खर्च जास्त म्हणून त्याला रक्कम कमी. हे अर्थशास्त्र तुम्हाला कळलं नाही तरी वर्गात विचारू नका, तिथे ते जगणारी मुलं बसलेली असतात.

वसतिगृहात नंबर न लागणाऱ्यांसाठी 'स्वयम्' योजना आहे. पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. योजना खरोखर चांगली आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. पण २०,००० ला बारांनी भागून येणारा आकडा घेऊन एकदा पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधायला जा. आधी उपस्थिती दाखवायची, मग हप्ता. उपस्थितीसाठी शहरात राहायला हवं, राहायला भाडं हवं, भाड्याला हप्ता हवा. मधले महिने कसे काढायचे ते योजनेच्या नावातच सांगितलेलं आहे.

जेवणाचंही ऐका. एप्रिल २०१८ मध्ये शासनाने आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. मोठ्या शहरात ३,५००, जिल्ह्याच्या ठिकाणी ३,००० महिन्याला. मुलं म्हणाली, आम्हाला ताट द्या, खात्यावरचा मेसेज खाता येत नाही. जुलैत ती पुण्याहून नाशिककडे आदिवासी आयुक्तालयावर चालत निघाली, भर पावसात. पोलिसांनी सिन्नर तालुक्यात अडवलं. एवढं अंतर चालण्याचा दम ज्यांच्यात आहे, त्यांच्यासाठी तुम्ही दरवर्षी एक व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घ्यायचं आहे. विषय: 'न्यूनगंडावर मात'. वक्ता बाहेरचा बोलवा, टाय असलेला. त्याला मानधन त्याच दिवशी द्या. त्याचा अर्ज कुणी सेंड बॅक करत नाही.

भाषेचं काय करायचं, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघतो. घरी पावरी, भिली, माडिया किंवा कोरकू, शाळेत मराठी, इथे इंग्रजी. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला आपल्याकडे 'भाषेची अडचण असलेला' म्हणतात, आणि एका भाषेत शिकून दुसरीत पीएच.डी. छापणाऱ्याला विभागप्रमुख. मुलाने 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की भर वर्गात दुरुस्त करा. एकदा केलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही. मग 'ही मुलं वर्गात बोलतच नाहीत' हे तुमचं निरीक्षण शोधनिबंधात वापरता येईल.

आणि तुमचा खरा दिवस ९ ऑगस्ट. त्या जागतिक आदिवासी दिनाला काही अडलं तर १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिवस आहेच. बॅनरला वारली चित्रांची किनार घ्या, ती कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे तयार असते. नाचायला मुलं लागतील. यादीतून नावं काढा. एटापल्लीच्या माडिया मुलाला तारपा नाचायला सांगितलंत तर तो गोंधळेल, कारण तारपा पालघर-डहाणूकडचा आणि त्याच्याकडे रेला. पण कुलगुरूंना फरक कळत नाही आणि फोटोत दोन्ही गोलच दिसतात. आप्तभाव चाचणीत नाच न सांगता आल्यामुळे ज्याचं प्रकरण अडलंय, त्यालाही मंचावर घ्या. इथे त्याच्या आदिवासी असण्याबद्दल कुणाला शंका नसते. प्रमुख पाहुणे म्हणतील, "आदिवासी निसर्गाचा पुजारी, भोळाभाबडा, समाधानी." मुलं टाळ्या वाजवतील. ती बाहेर काय बोलतात ते ऐकायला थांबू नका. नागलीची भाकरी पाहुण्यांना ताटात, मुलांना कूपनवर.

राहता राहिली एक अडचण, आणि ती नियमांत कुठेच नाही. तुमच्या वसतिगृहात एक खोली असते. अधिकृत दोघांची, प्रत्यक्षात सहा-सात जणांची. वरच्या चार-पाचांना सगळं कॅम्पस पॅरासाइट म्हणतं. त्यातला एखादा सीनियर, एम.ए.चं दुसरं वर्ष किंवा सेट-नेटच्या अभ्यासाला राहिलेला, गावाकडून आलेल्या नव्या पोरांना तिथे टेकू देतो. कुठलं आधार सीडिंग कुठल्या बँकेत होतं, गृहपाल कितीला येतात, पुण्यातल्या वसतिगृहाच्या कामाला मंचरच्या पुढे घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात का जावं लागतं आणि तिथला कोणता साहेब आठवड्यातून कोणत्या वारी जागेवर असतो, हे सगळं त्याला पाठ. त्याच्याकडे लॅमिनेशन केलेले नमुना अर्ज आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पहिल्या सेमिस्टरला घरी परत निघालेल्या पोराला स्टँडवरून माघारी आणायला तोच जातो, भावा म्हणतो, वडापाव देतो. त्याला ना मानधन, ना पाटी, ना आवक-जावक रजिस्टर.

हे चालू देऊ नका. तुमच्या केंद्रात वर्षभर कुणी का येत नाही, याचा खुलासा उद्या त्या खोलीतून होऊ शकतो. वसतिगृह नियमावलीनुसार अनधिकृत वास्तव्याची नोटीस काढा, दंड लावा. दंड भरायला वेळ मागितला तर 'स्वयम्'चा हप्ता आला की भर म्हणा.

मात्र नोटिशीवर तारीख नॅकची, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी, समिती येऊन गेल्यानंतरची घाला. तिच्या पाचव्या निकषात विद्यार्थी साहाय्य येतं आणि त्याखाली दाखवायला तुमच्याकडे बाकी काही नाही. त्या सीनियरला बोलावून वर्षभरात किती पोरांचे अर्ज भरले त्याची नावानिशी यादी घ्या, वर केंद्राचा शिक्का मारा आणि खोलीत जाऊन चार फोटो काढा. फोटो जिओ-टॅग असलेले लागतात, आणि गाद्या तेवढ्या आधी उचलायला सांगा.