न वापरलेली स्टेपनी म्हणजे नवा टायर नव्हे

‘स्टेपनी डिकीत पडून असते, तिची नक्षी झिजत नाही, म्हणून ती कितीही वर्षांनी नव्यासारखीच असते, टायरचे वय ही कंपन्यांची विक्रीची युक्ती आहे,’ असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. फोंड्याच्या माझ्या मामांनी तो वाचून जुनी स्टेपनी पुढच्या चाकाला चढवली आणि चोर्ला घाटाने बेळगावला जाण्याची तयारी केली, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

सर्वांत घातक मुद्दा ‘वापर नाही म्हणून वय नाही’ हा आहे. रबर रस्त्यावर झिजते, तसेच हवेतल्या प्राणवायूने नुसते पडल्या पडल्याही कडक होत जाते. टायरमध्ये दाबाखाली भरलेली हवा तेच काम आतून करीत असते आणि उष्णता त्याला वेग देते. उन्हात उभ्या गाडीची डिकी मे महिन्यात किती तापते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. शिवाय रबरात मिसळलेले संरक्षक मेण टायर फिरताना आणि दबताना पृष्ठभागावर येत राहते. पडून असलेल्या स्टेपनीला तेवढाही लाभ नाही. पुढे आतल्या पोलादी पट्ट्यांवरची रबराची पकड सुटू लागते आणि ते बाहेरून दिसेलच असे नाही. त्यामुळे ‘चिरा नाहीत, मग चालेल’ हे संदेशातले प्रमाणपत्र कुचकामी आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये संगीत महोत्सवाहून परतणारी एक बस पुढचा टायर फुटून झाडावर आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, म्हणजे खुद्द बसपेक्षाही जुना निघाला. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने लढा दिला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक व बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास बंदी आली. कंपन्यांच्या विक्रीसाठी कोणतीही आई इतकी वर्षे झगडत नाही.

एवढे मात्र मान्य करावे लागते की, थंड व अंधाऱ्या जागेतला टायर सावकाश जुना होतो आणि मुदतीबाबत उत्पादकांचेही एकमत नाही. काही वाहन कंपन्या सहा वर्षे सांगतात. मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी, स्टेपनीसह, बदल सुचवते. सहाव्या वर्षी टायर फुटतोच, असे कोणी म्हणत नाही. पंक्चरवाल्याने हवा भरून दिली म्हणजे टायर तपासला, हा मुद्दा तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही.

राहिला ‘टायरवरचे आकडे कारखान्याचे गुप्त क्रमांक असतात’ हा शोध. ‘डीओटी’ या अक्षरांपुढच्या क्रमांकातले शेवटचे चार अंक उघड तारीखच सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मामांच्या स्टेपनीवर २२१३ होते, म्हणजे मे २०१३ ची अखेर. मात्र हे चार अंक बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि चाक बसवताना ती बाजू आत गेली होती. ते वाचण्यासाठी मामांना चाक पुन्हा उतरवावे लागले.