माझ्याच खात्यातली कपात थांबवायला जिमची एनओसी कशाला?

जिमला पैसे द्यायचे बंद करायचे आहेत. बास, एवढंच. मागचे पैसे परत मागत नाहीये, भांडण उकरून काढत नाहीये. यापुढे मी येणार नाही, यापुढे माझे पैसे कापू नका, इतकं साधं म्हणणं ऐकून घ्यायला त्या जिममध्ये एक माणूस जागेवर सापडत नाही. आणि महिन्याच्या ५ तारखेला सकाळी मेसेज येतोच: खात्यातून १,७९९ रुपये वजा. तळपायाची आग मस्तकात जाते.

नाव घालताना काय घाई होती यांना! काउंटरवरच्या पोराने टॅब पुढे केला, खाते नंबर टाकला, आधारचा ओटीपी आला, झालं मँडेट, म्हणजे दर महिन्याला खात्यातून परस्पर पैसे कापायची परवानगी. "सर, मंथली प्लॅन आहे, कधीही बंद करा." हे मॅनेजरने स्वतः, माझ्यासमोर बसून सांगितलं होतं. पुढे मणक्याचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी वजनं उचलायला साफ मनाई केली, आणि मी बंद करायला गेलो तेव्हा एकेक नियम बाहेर यायला लागले. मेलवर कॅन्सल होत नाही, ब्रँचला या. ब्रँचला गेलो की मॅनेजर मीटिंगमध्ये. फोन केला की "सर बाहेर आहेत, तुम्हाला कॉल करतील". व्हॉट्सॲपवर निळी टिक येते, उत्तर येत नाही.

शेवटी काउंटरवरच्या मुलीने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून दिला. वर ठळक अक्षरात 'फ्रीझ रिक्वेस्ट'. म्हटलं, अगं मला फ्रीझ नकोय, कायमचं बंद करायचंय. ती म्हणाली, "सर, बंदचा फॉर्मच नाहीये आमच्याकडे. तीन महिने फ्रीझ करा, नाहीतर घरातल्या कुणाच्या नावावर ट्रान्सफर करून घ्या, फक्त ट्रान्सफर फी भरावी लागेल." त्या मुलीला मी काही बोललो नाही. तिला जे पढवलंय तेच ती बोलणार. पण सभासदत्व बंद करायचा फॉर्मच छापायचा नाही, हे कुणीतरी वर बसून ठरवलेलं आहे. फ्रीझ संपला की कपात आपोआप परत सुरू. माणूस विसरेल, कंटाळेल, खेटे घालून दमेल, यावरच यांचा हिशेब चालतो.

बरं, जिमला पैसे हवेत म्हणून ते चुकवतायत, हे एक वेळ समजतं. माझा खरा संताप बँकेवर आहे. खातं माझं, पगार माझा, पैसे कापायची परवानगी मी दिलेली. ती परवानगी मीच काढून घेतोय म्हटल्यावर विषय संपायला हवा की नको? शाखेत गेलो तर समोरचे साहेब मान वर न करता म्हणतात, "पार्टीकडून एनओसी आणा." म्हणजे जो माझे पैसे सोडत नाहीये, त्याच्याकडूनच मी "आता सोडतो" असं लिहून आणायचं? नेटबँकिंगमध्ये मँडेटचं पान आहे, तिथे माझं मँडेट दिसतंसुद्धा, पण बंद करायला गेलं की "शाखेशी संपर्क साधा". आणि शाखेतला सल्ला काय, तर तारखेच्या आधी खात्यात बॅलन्स ठेवू नका. अहो, पगाराचं खातं आहे ते! घराचा हप्ता जातो त्यातून! आणि बॅलन्स नसला की मँडेट बाउन्सचा दंड बँकच लावणार, वर १८ टक्के जीएसटी.

हे होऊ शकत नाही असंही नाही. यूपीआय ऑटोपे २०२० साली आलं, त्यात ॲप उघडून पिन टाकला की मँडेट रद्द करता येतं, दुकानदाराला विचारावं लागत नाही. कार्डावरच्या कपातीला रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू आहेत: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं आणि ग्राहकाला बाहेर पडायची सोय द्यायची. मग माझ्यासारख्या नॅच मँडेटला, म्हणजे थेट बँक खात्यातून होणाऱ्या कपातीला, वेगळा न्याय का? जिमवाले ऑटोपे न घेता नॅचसाठीच का अडून बसतात, हे मला आता नीट कळलंय.

आणि जिमच्या धमक्या. "मँडेट बंद केलंत तर सिबिल (कर्ज फेडण्याची पत) खराब होईल." साफ खोटं. जिम म्हणजे बँक नाही की वित्तसंस्था नाही, फीची थकबाकी सिबिलला कळवायचा तिला अधिकारच नाही. पण एक गोष्ट मात्र जरूर तपासा. माझ्या मावसबहिणीने वर्षाचं पॅकेज 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतलं होतं. ते निघालं चक्क कर्ज, तिच्या नावावर, एका फायनान्स कंपनीचं. जिमला पैसे आधीच मिळालेले, हप्ते ही फेडतेय. तिथे हप्ता चुकला तर सिबिलला खरंच फटका बसतो. काउंटरवर कर्ज हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. ही सरळ सरळ फसवणूक आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. १३ प्रकार दिलेत, त्यातला एक 'सबस्क्रिप्शन ट्रॅप': वर्गणी बंद करणं मुद्दाम किचकट किंवा अशक्य करून ठेवणं. सूचना कागदावर आहेत आणि माझ्या गल्लीतल्या जिमच्या ड्रॉवरमध्ये बंदचा फॉर्म नाही. कोण तपासतंय?

मी बँकेला लेखी दिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा एनओसीचं तुणतुणं वाजवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाणार. जिमची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे, तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. तुमचंही असंच अडकलं असेल तर शाखेत तोंडी बोलत बसू नका. मँडेटचा यूएमआरएन, म्हणजे त्या मँडेटचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक, शोधा, तो घालून अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथेच उभं राहून तोच अर्ज शाखेच्या मेलवर पाठवा, आणि मेल गेल्याशिवाय काउंटर सोडू नका.