टार्गेट इज बिझी

आमच्याकडे पाहुणा "येतो हं" म्हणून उठतो आणि पुढचा अर्धा तास चपला पायात सरकवून दारातच बोलत उभा राहतो. सर्व्हरला जोडलेलं नेटवर्क स्टोरेज काढायला गेलं, की तेही याच घराण्यातलं.

पहिल्या वेळी मी एनएफएसचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर, थेट क्लाउडच्या वेबपानावरून उडवला. मग सर्व्हरवर डिस्कची जागा दाखवणारं डीएफ मारलं आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एनएफएस माउंट (ही जोडणी) मुळात 'हार्ड' असतो, म्हणजे समोरचा कायमचा गेला तरी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आशा सोडत नाही. लॉगमध्ये 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' लिहून कमरेवर हात ठेवून उभा! त्या फोल्डरात डोकावणारा प्रत्येक प्रोसेसही शेजारी उभा. शेवटी जोडणी सोडवणाऱ्या यूमाउंटला 'लेझी'चा, म्हणजे आळशी 'एल' लावला. म्हणजे पाहुणा आतच, आपण फक्त दारावरची पाटी काढायची.

दुसऱ्या वेळी शहाण्यासारखं आधी अ‍ॅप बंद केलं, राहिलेला डेटा लिहून टाकणारं सिंक मारलं, मग यूमाउंट. (अनमाउंटमधला एक 'एन' युनिक्सवाल्यांनी कधीच खाल्लाय, तो टाइप करण्यात माझी दहा मिनिटं गेली.) उत्तर आलं, 'टार्गेट इज बिझी', म्हणजे आत अजून कोणीतरी आहे. बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) थांबवला. बिझी. लॉग दुसरीकडे वळवले. बिझी.

"फ्यूजर मारा ना दादा, के-एम लावून," टीममधला नवा पोरगा म्हणाला. आत जो कोणी बसला असेल त्याचा सरळ खून. त्याच्या उत्साहाला नमस्कार करून मी आत कोण बसलंय ते दाखवणारं एलसॉफ चालवलं. आत एकच बॅश (कमांड टाइप करायची शेल) निघाला. यूजर? मीच! तीन आठवड्यांपूर्वी टीमक्समध्ये (आपण गेलो तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) उघडलेली खिडकी, त्याच फोल्डरात सीडी करून, म्हणजे आत शिरून, निवांत पडलेली. काखेत कळसा. बाहेर आलो, पुन्हा यूमाउंट मारलं. स्क्रीनवर एक अक्षर नाही. काम नीट झालं की काही न बोलण्याची ही रीत आमच्या वडिलांचीसुद्धा.

मग क्लाउडवरून शेअर काढला आणि ऐटीत चहाला गेलो.

रात्री पॅचसाठी सर्व्हर रीबूट केला, तर दीड मिनिट मला आतच घेईना. सुरू होताना काय काय जोडायचं त्याची यादी, म्हणजे एफएसटॅब, उघडून पाहिलं. पाहुणा केव्हाच गेला होता, पण यजमान त्याचं पान मांडून बसला होता. यादीतल्या त्या शेअरच्या ओळीवर माझ्याच हातची टीप होती: 'तात्पुरतं'.