न्यूअर्कची शाळा आणि आपले पंचवीस टक्के

नाशिकच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एकच भांडण चालू आहे: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी मोफत राखलेल्या पंचवीस टक्के जागा. २०१४च्या ‘प्रमती’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितलं. तेव्हापासून निम्मे म्हणतात, वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी, मग सूट कसली? उरलेले म्हणतात, आज जागा द्या, उद्या सरकार संस्थाच ताब्यात घेईल.

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या आपल्या लोकांना न्यूअर्क माहीत आहे ते विमानतळापुरतं. शहरात जायचं काम पडत नाही. घर घेताना आपण एडिसनसारख्या उपनगरातल्या शाळांचं रेटिंग आधी बघतो, खोल्या मग. सरकारी शाळा पत्त्यावर मिळते, त्यामुळे गरिबाचं मूल प्रवेश अर्जापर्यंत पोचतच नाही, घरभाड्यातच गळतं. आणि अशा गावात बसून आपली मंडळी नाशिककरांना समतेचे डोस पाजतात!

त्याच न्यूअर्कच्या ऐन वस्तीत सेंट बेनेडिक्ट्स ही शाळा आहे. बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाच्या मठवासींनी ती १८६८मध्ये काढली. कॅथलिक तेव्हा इथे नकोसे होते. १८५४मध्ये जमावाने त्यांच्या सेंट मेरीज चर्चची मोडतोड केली होती. पुढे शंभर वर्षं स्थलांतरितांची मुलं इथे शिकून वर आली. वर आली की उपनगरात गेली, हेही ओघाने आलंच. जुलै १९६७च्या दंगलीत २६ माणसं मेली आणि उरलेसुरले गोरे लोकही शहर सोडू लागले. १९७२मध्ये मठातच फूट पडली, शाळा बंद झाली. काही मठवासी मॉरिसटाउनच्या मठात निघून गेले. राहिलेल्यांनी १९७३मध्ये शाळा पुन्हा उघडली. मुख्याध्यापक फादर एडविन लीही तेव्हा तिशीच्याही आत होते.

आता वर्गात आली ती आसपासची कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, त्यातली बरीच कॅथलिक नसलेली. त्यांना घ्या असं कुठला कायदा सांगत नव्हता. रोजचा कारभार बराचसा मुलांच्याच हातात. सकाळी सगळी शाळा एकत्र जमते, हजेरी गटागटाने मुलंच घेतात, आणि कुणी आला नाही तर तो कुठे आहे हे त्याच्या गटाने शोधायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी ॲपलेशियन ट्रेल या डोंगरवाटेवर ५५ मैलांची पायपीट. नाशिकच्या पालकांनी पहिल्याच दिवशी मीटिंग बोलावली असती.

पण अशा शाळेच्या जिवावर धोरण आखता येत नाही. ती चालते मुख्यतः देणग्यांवर. साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत सुमारे ५२ लाख मुलं होती, आज साधारण १७ लाख आहेत. जवळजवळ पगाराविना शिकवणाऱ्या सिस्टर कमी झाल्या, फी वाढली, आणि टाळं आधी लागलं ते गरीब वस्त्यांतल्या शाळांना.

आपल्याकडे निदान हक्क कायद्यात लिहिलेला आहे. माझा मावसभाऊ नाशिकमधल्या सातपूरच्या सायबर कॅफेत आरटीईचा अर्ज भरायला बसला होता. नकाशावरचा लाल फुगा नेमका आपल्या चाळीवर आणायला त्याला अर्धा तास लागला; घर शाळेपासून किती लांब हे त्यावरूनच ठरतं, फुगा सरकला तर पडताळणीत प्रवेश जातो. घरापासून हाकेच्या अंतरावर कॉन्व्हेंट, पण ती अल्पसंख्याक शाळा, यादीत तिचं नाव नव्हतं.

माझं मत असं की अल्पसंख्याकांची सूट काढू नये. राज्यघटनेचं कलम ३०, म्हणजे अल्पसंख्याकांचा स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क, बहुसंख्यांच्या लहरीवर सोडण्यासारखं नाही. पण कायदा सक्ती करत नाही म्हणजे दार बंदच ठेवायला सांगतो असंही नाही. नाशिकमध्ये मिशनचं शिक्षण कुणापासून सुरू झालं? शरणपूरला (ते प्रोटेस्टंट मिशन, पण मुद्दा तोच) गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडला गेला. आज शरणपूर रोडवरून शाळेच्या बसेस जातात, त्यांत सातपूरच्या चाळीतलं मूल शोधावं लागेल.

आमच्या गटावर सध्या शाळेच्या वातानुकूलित सभागृहासाठी वर्गणी गोळा होते आहे. मी कळवलं, माझे डॉलर चाळीतल्या मुलांच्या फीसाठी घ्या, सभागृहाला नाही. लगेच प्रश्न आला, मुलं निवडणार कोण? प्रश्न रास्त आहे. संचालकांच्या ओळखीपाळखीवर सोडलं तर पैसे वाया. शाळेनेच आपल्या फाटकावर सोडत काढावी, आरटीईसारखीच एक लाखाची उत्पन्नमर्यादा आणि अंतराची अट लावून. गणवेश, पुस्तकं आणि बसचाही खर्च त्यातच धरावा. फी माफ झालेली मुलं तिथेच गळतात.