अलास्काचं तेल, गोव्याचं खनिज आणि ‘रेवडी’चा शिक्का

खनिजाच्या उत्पन्नातला वाटा थेट लोकांच्या खात्यात टाका, असं कुणी म्हणालं की हा मजकूर हमखास फॉरवर्ड होतो: ‘अलास्कात तेलाचा पैसा फुकट वाटतात. लोक आळशी झाले, सरकार कंगाल झालं. गोव्यात खाणींचा पैसा वाटला तर तेच होणार. करदात्यांच्या जिवावर आणखी एक रेवडी!’ यातलं एकच विधान अर्धंमुर्धं खरं आहे. बाकी सगळा ठोकून दिलेला माल.

‘करदात्यांच्या जिवावर.’ अमेरिकेतल्या अलास्का राज्याने राज्याचा प्राप्तिकर १९८० मध्येच रद्द केला. राज्याचा विक्रीकरही तिथे नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनुसार तेल-खनिजांच्या रॉयल्टीचा किमान २५ टक्के भाग राज्याच्या ‘कायम निधी’त गुंतवला जातो. मुद्दलाला हात लावता येत नाही, रहिवाशांना दरवर्षी वाटला जाणारा लाभांश निघतो तो गुंतवणुकीच्या कमाईतून. आपल्याकडेही जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे. खाणपट्टा देणाऱ्याला मिळणारा तो मोबदला आहे. घरमालकाने भाडं घेतलं तर त्याला आपण रेवडी म्हणत नाही.

‘लोक आळशी झाले.’ डेमन जोन्स आणि इओआना मारिनेस्कू या अर्थतज्ज्ञांनी हेच तपासलं. एकूण रोजगारावर लाभांशाचा परिणाम आढळला नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांचं प्रमाण मात्र १.८ टक्के बिंदूंनी वाढलं. आणि आळशी व्हायला रक्कम तरी किती? १९८२ मध्ये पहिला लाभांश माणशी १,००० डॉलर होता, २०२२ मध्ये ३,२८४ आणि २०२५ मध्ये पुन्हा १,०००. तेही वर्षाला! अलास्कातली महागाई पाहता यावर कुणी घरी बसेल हे संभवत नाही. (याच कारणाने समर्थकांनीही त्याला ‘मूलभूत उत्पन्न’, म्हणजे सगळ्यांना विनाअट मिळणारी जगण्यापुरती रक्कम, म्हणताना जरा हात आखडता घ्यावा.)

‘सरकार कंगाल झालं.’ हे ते अर्धसत्य. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, अंदाजपत्रकात खड्डा पडला, आणि २०१६ मध्ये गव्हर्नर बिल वॉकर यांनी लाभांश जवळपास निम्म्यावर, १,०२२ डॉलरवर आणला. २०१८ पासून निधीच्या कमाईतून राज्याचा खर्चही भागवला जातो, त्यामुळे शाळांना किती आणि माणशी किती, हे भांडण दरवर्षी ठरलेलं. पण खड्डा पडला तो सगळा कारभार तेलावर टांगून कर रद्द केल्यामुळे. खरी उणीव वेगळीच आहे: मुद्दलाला घटनेचं संरक्षण आहे, लाभांशाला नाही. २०१७ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानेही लाभांशासाठी दरवर्षी विधिमंडळाची मंजुरी लागते, असाच निकाल दिला. अलास्काकडून धडा घ्यायचाच तर हा घ्या.

‘गोव्यात तेच होणार.’ गोव्यात वाटप न करता काय झालं, ते आधी पाहू. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज त्याची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाने २०१२ मध्ये मांडला. आकड्यावर वाद झाले, खाणी बंद पडल्या, ट्रकवाले आणि बार्जवाले कर्जात बुडाले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज-विक्रीच्या रकमेतले १० टक्के ‘गोवन आयर्न ओर पर्मनंट फंड’ या लोहखनिजाच्या कायम निधीत ठेवायला सांगितलं. म्हणजे पेटी आहे, कुलूप आहे. ‘गोंयची माती’ चळवळ तिथून पुढचं मागते: खनिजाची पूर्ण किंमत वसूल करा, ती निधीत टाका आणि महागाई वजा जाता उरलेली कमाई सगळ्यांना सारखी वाटा. खात्यात ठरावीक रक्कम यायची असेल, तर ती का घटली हे डिचोली-सांग्यासारख्या खाणींच्या तालुक्यातला माणूस विचारणारच. रॉयल्टी सरकारी तिजोरीत गडप होते तेव्हा तो कशाला विचारेल?

‘त्यापेक्षा रस्ते, शाळा बांधा’ हा पुढचा युक्तिवाद. बांधा की. अलास्कातही रॉयल्टीतला निधीबाहेरचा मोठा हिस्सा राज्याच्या खर्चालाच जातो. खाणबाधितांसाठी आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेतच. त्यांचा पैसा कुठे खर्च करायचा हे जिल्हाधिकारी आणि आमदार-खासदार बसतात ती समिती ठरवते. ज्याच्या विहिरीत खाणीचा गाळ उतरला, त्याच्या हाती थेट दमडी येत नाही.