पावडरचा डबा आणण्याआधी पंपाचा व्हॉल्व्ह बघा

बाळंतपणाची रजा संपते, आई कामावर रुजू होते आणि तीन-चार आठवड्यांत घरात जाहीर होतं, "हिचं दूध आटलं." मग पावडरचा डबा येतो. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत हेच ऐकू येतं. माझं म्हणणं असं की दूध काढायच्या पंपातून कमी दूध येणं आणि अंगावर कमी दूध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबा फोडण्याआधी पंप उघडून बघा.

इलेक्ट्रिक पंपात मोटर क्वचित बिघडते. बिघडतो तो खालचा सिलिकॉनचा इवलासा व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखा. मोटर ओढते तेव्हा त्याची चीर मिटते आणि ओढ तयार होते. ओढ सुटली की चीर उघडून दूध बाटलीत पडतं. ही चीर सैल झाली की हवा शिरते आणि ओढ कमी होते. मोटरचा आवाज मात्र तसाच राहतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. व्हॉल्व्ह उजेडासमोर धरा. न दाबता चिरेतून उजेड दिसला तर तो टाकून द्या. चिरेत ब्रश घालू नका, बोटानेच चोळा. दिवसातून तीनदा पंप वापरत असाल तर महिना-दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. गावातल्या मेडिकलमध्ये तो मिळेलच असं नाही, म्हणून पंप घेतानाच जादा जोडी मागवा.

दुसरा घोळ फनेलचा, म्हणजे छातीवर लावायच्या नरसाळ्याचा. खोक्यात बहुधा 24 मिमीचं येतं आणि सगळ्या तेच लावतात. दूध काढण्याआधी निपलचा व्यास बुडाशी पट्टीने मोजा, भोवतीचं काळं वर्तुळ धरू नका. फनेल तेवढंच किंवा त्याहून दोन-तीन मिमी मोठं हवं. बऱ्याच जणींना 17 ते 21 लागतं. फार मोठं असेल तर काळं वर्तुळही नळीत ओढलं जातं, सुजतं आणि दुधाच्या नळ्या दबतात. लहान असेल तर निपल घासून चिरतं. मोठ्या फनेलमध्ये बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात, नवा पंप घ्यायची गरज नसते.

ओढीचं बटण शेवटपर्यंत नेऊन जास्त दूध येत नाही. दुखलं की पान्हा अडतो. आधी एक-दोन मिनिटं जलद-हलका मोड, धार लागली की संथ-खोल मोड, धार ओसरली की परत जलद. दोन्ही बाजू एकदम लावल्या तर 15-20 मिनिटं पुरतात.

आता हिशेब. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण 750 मिली आईचं दूध पितं, म्हणजे ताशी 25 ते 35 मिली. एसटीच्या प्रवासासकट आई नऊ तास बाहेर असेल तर मागे 250-300 मिली ठेवायचं, 80-100 चे तीन भाग करून. पावडरच्या डब्यावर वयाप्रमाणे माप वाढत जातं, आईच्या दुधाचं या काळात फारसं वाढत नाही. आजी बाटली पाहून एका वेळी 180 भरते, साठा दुपारीच संपतो आणि दोष येतो आईवर. बाटलीपेक्षा आपलं बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा: बाळ सावकाश पितं, आणि उकळून स्वच्छ करणंही सोपं. बाटल्या आणि पावडर यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

छाती भरलेली राहिली की शरीर दूध बनवणं कमी करतं. सकाळी आठला पाजून निघालात तर अकराला एकदा, दोनला एकदा काढा आणि घरी येताच अंगावर घ्या. "मीटिंग होती" म्हणून दुपारची वेळ आठवडाभर चुकवली तर खरंच कमी होतं, तिथे व्हॉल्व्ह बिचारा काय करणार. रात्रीचं पाजणं तोडू नका. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चाला. पंप पॉवर बँकेवर चालतो का ते घेतानाच बघा आणि हाताने काढायला शिकून ठेवा. निपलपासून दोन-तीन सेंटीमीटरवर वर अंगठा, खाली तर्जनी. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं त्वचेवर घसरू द्यायची नाहीत. धार थांबली की बोटांची जागा फिरवायची.

साठवणीचे आकडे 25 अंशांच्या खोलीचे असतात: बाहेर चार तास. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार 32-34 ची, त्यामुळे काढल्या काढल्या बर्फाच्या पॅकसोबत थर्मल बॅगेत. पॅक नसेल तर घरून पाण्याची गोठवलेली बाटली न्या. मासळी बाजारातला बर्फ नको, ते पाणी पिण्याचं असेलच असं नाही. फ्रिजच्या मागच्या बाजूला दूध चार दिवस राहतं, दारात ठेवू नका. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. सिंगल डोअरच्या आतल्या कप्प्यावर दोन आठवड्यांपलीकडे भरवसा नको.

आणि त्या फ्रीजरात मासे असतात. 1 जूनला मासेमारी बंद होते, म्हणून मे अखेरीस घरोघरी सुरमई, बांगडा कोंबलेला. दुधाच्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या बाजूला ठेवा. एवढं करूनही साबणासारखा वास आला तर तो दुधातल्याच लायपेजमुळे, म्हणजे स्निग्धांश फोडणाऱ्या विकरामुळे. अपाय नाही, पण काही बाळं तोंड फिरवतात. अशा वेळी काढलेलं ताजं दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका, लगेच थंड पाण्यात भांडं ठेवून गार करा आणि मग गोठवा. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये 24 तास, पुन्हा गोठवायचं नाही. उष्टं दोन तासांत संपवायचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडला कित्येक दिवस वीज नव्हती. महिन्याभराचा साठा करायच्या हौसेला कोकणात काही अर्थ नाही, तीन-चार दिवसांचा पुरे.

पावसात विहिरीचं पाणी गढूळ असतं, तेव्हा सुटे भाग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या टोपात. फडक्याने न पुसता पंख्याखाली वाळवा. मोटरच्या नळीत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. नळी बदलायची.

छातीत गाठ आली, लाल झालं की आपल्याकडे गरम शेक आणि तेल लावून रगडणं सुरू होतं. उलट करा: थंड पट्ट्या, हलका हात, नेहमीइतकंच पाजणं. जास्त काढून रिकामं करायच्या मागे लागलात तर सूज वाढते. ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टर.

कायदा थोडक्यात. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन विश्रांती हक्काच्या. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर. ही तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एसटी स्थानकांवर, कार्यालयांत हिरकणी कक्ष असतात. कक्ष असून किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर, असं असेल तर त्या हिरकणीला कड्यावरूनच उतरावं लागणार. सही-शिक्क्याच्या पाट्यांपेक्षा आतून लागणारी कडी आणि एक प्लग पॉइंट द्या.

खाण्याचं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कुळथाची पिठी आवडत असेल तर जरूर खा, भूक लागतेच. पण दूध काढलंच नाही तर लाडू वाढवणार नाही. मोरीचं कालवण मात्र बाळंतिणीला देऊ नका, कितीही जुनी पद्धत असली तरी. मोरी म्हणजे शार्क, आणि शार्कच्या अंगात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने स्तनदा मातांना जे मासे टाळायला सांगितलेत त्यात शार्क आहे. बांगडा, तारली खुशाल खा.